मशीन थांबलं की

४ जून

आणि वर फोनवर तू मलाच सांगतेस, मावशी, डबाच तो, त्याला काय कळतंय. कळत नाही तर माझं मशीन थांबलं की तो गप्प का होतो, ते आधी सांग. मी "अगं पण" म्हणते तोवर तू "लेक्चर आहे, ठेवते" म्हणून मोकळी. म्हणून हे कागदावर. शिवाय फोनवर बोलायचं मी आता टाळते. टीव्हीखाली तुझा तो डबा बसलाय आणि त्याला कान आहेत, हे तूच बसवताना सांगितलं होतंस. त्याच्यासमोर त्याच्याच चहाड्या कशा करू? कागदाचा आवाज होत नाही. उत्तरही कागदावरच दे, ढापणे. फोन केलास तर मी कट करीन.

आता नीट वाच. हे जाऊन चार महिने झाले. खाट तेवढी बाहेर काढली, बाकी त्यांची खोली मी तशीच ठेवली आहे. दार उघडं असतं, हवा खेळायला. मी पुढच्या खोलीत पडदे शिवते. माझ्या मशीनवरून आतलं फक्त कपाट दिसतं, कपाटाला आरसा आहे आणि आरशात टीव्ही.

संध्याकाळ झाली की टीव्ही आपला आपण लागतो. बातम्या, आणि त्याही बोंबलून, कारण माझ्या मशीनची मोटर खडखडते आणि ह्यांना ऐकू कमी यायचं. तिथवर मी म्हटलं ठीक आहे, वेळ लावून ठेवली असेल. पण मी बॉबिन बदलायला पाय उचलला की बातम्या तुटतात. बोलणाऱ्याचा शब्द अर्धा राहतो. आणि आरशात एक बाई येऊन उभी राहते. करडा कोट, हातात बॅग, कुठल्याशा बंद दारासमोर. हलत नाही, बोलत नाही. सगळं घर असं गप्प होतं की मला माझा श्वास ऐकू येतो. मी पायडलवर पाय ठेवला की बाई जाते आणि बातमीवाला पुन्हा ओरडायला लागतो.

काल मी मुद्दाम करून पाहिलं. थांबवलं, बाई. चालवलं, बातम्या. पुन्हा थांबवलं, पुन्हा बाई. हाताला घाम आला, कापडावर डाग पडला, फिकट कापड, हॉटेलवाल्याची ऑर्डर.

आता मी मशीन थांबवायला भिते. परवा दोरा संपला तरी माझा पाय चालूच होता. सुई नुसती भोकं पाडत गेली. पडद्याची अख्खी पट्टी वाया.

तुझी आई माझी धाकटी बहीण, म्हणून मी तुझे लाड केले. त्याचा अर्थ माझ्या घरात भूत बसवून द्यावं असा होत नाही. ये आणि तुझा डबा घेऊन जा.

मावशी


११ जून

मावशी,

मी फोन केला आणि तू खरंच कट केलास. मैत्रिणी हसल्या. वसतिगृहात पत्र लिहिणारी मी एकटीच. पाकीट आणायला दोन दुकानं फिरले.

आधी एक, भूतबीत काही नाही. माझ्या अभ्यासाचा विषयच हा आहे, म्हणून सोपं करून सांगते. पूर्वी रेडिओ होता तेव्हा माणसं त्याच्या वेळेला बसायची. उशीर झाला तर गाणं गेलं, संपलं. मग टेप आली, व्हिडिओ आला, आणि यंत्र आपल्यासाठी थांबायला शिकलं. मग रिमोट आला आणि आपण उठायचंच विसरलो. आता नवीन यंत्रं आपण काय बघतो ते लक्षात ठेवतात आणि तसलंच आणखी पुढे करतात. माझा डबा त्याच्याही एक पाऊल पुढे जातो. त्याला बटण लागत नाही. घरातले आवाज तो ऐकतो, कुठल्या आवाजानंतर माणसाने काय केलं ते पाहतो, आणि पुढे तेच स्वतः करतो. नळाचा आवाज, दाराचा, पावलांचा, काहीही. समज, काका रोज बातम्या लावायचे. आता ते नाहीत, पण डब्याला ते सांगायचं कुणी? कुणी काही नवीन केलं नाही तर तो जुनंच करत राहतो. कुणी नवीन शिकवलं की जुनं हळूहळू पुसतो.

ती बाई एका मालिकेतली आहे. तिथे काहीतरी बिघाड दिसतो, मध्येच अडकत असेल. मी इथून बघते. तू घाबरू नकोस.

फक्त वायर काढू नकोस, प्लीज. आणि पाणी पीत जा. मशीनवर बसलीस की तू सगळं विसरतेस.

तुझी ढापणी


१६ जून

ढापणे,

रेडिओचं मला शिकवतेस होय? तुझ्या आजोबांच्या घरी रेडिओ होता तो मध्येच बसायचा. मग आम्ही बहिणी आळीपाळीने त्याच्या डाव्या बाजूला चापट मारायचो. तुझी आई जोरात मारायची, म्हणून तिच्या वेळी गाणं लवकर परत यायचं. टीव्ही आला तो शेजारच्या डॉक्टरांकडे. आम्ही चपला हातात घेऊन दारात बसायचो, आणि डॉक्टरीणबाईंची झोपायची वेळ झाली की सिनेमा आमच्यापुरता तिथेच संपायचा. हिरो मेला की जगला ते मला अजून ठाऊक नाही. त्या यंत्रांना आम्ही कळत नव्हतो, आणि ते बरं होतं.

आता तुझ्या बिघाडाचं. हा बिघाड हे होते तेव्हाही होता, बाई.

हे आजारी पडून घरी बसले, तू डबा बसवून गेलीस, तेव्हापासून असंच. मी मशीन थांबवलं की आतला आवाज तुटायचा. एकदम. चोराने दिवा मालवावा तसा. मी चालू केलं की पुन्हा बातम्या. पहिले काही दिवस वाटलं योगायोग. मग मी मुद्दाम पाय उचलून पाहायला लागले. दरवेळी तेच. मी मनात म्हटलं, असं काय बघतात कोण जाणे, की बायको उठतेय असं वाटलं तर झाकावं लागतं. मी आत गेले नाही. जाऊन पकडलं असतं तर भांडावं लागलं असतं, आणि धाप लागलेल्या माणसाशी भांडायला मजा येत नाही. मी कात्री जरा आपटून ठेवायचे, एवढंच. आतून खोकला यायचा. मग मी मशीन चालू करायचे.

तेव्हा आरसा त्या बाजूला नव्हता. कपाट नंतर हलवलं, त्यांची खाट बाहेर काढताना. म्हणून ती बाई मला आत्ता दिसली. तू म्हणतेस मालिकेतली. असेल. चाळिशीची आहे, अंगाने बरी आहे, उभी राहते ती ऐटीत राहते. मला तिचा राग नाही. पण इतकी वर्षं ज्याच्या शर्टाची बटणं लावली त्या माणसाने शेवटी शेवटी माझ्यापासून काय झाकलं, एवढं मला कळायला पाहिजे. ते न कळता मी त्या खोलीत पाय ठेवणार नाही. तुझ्या डब्याने सगळं ऐकलंय, बघितलंय. तर विचार त्याला.

शनिवारी मी दाराबाहेरूनच हात घालून वायर काढली होती, प्लग दाराशीच आहे. तू नको म्हणालीस म्हणूनच काढली. संध्याकाळ झाली, मशीन थांबवलं, तर आत काहीच नाही. आरशात नुसता काळा चौकोन. मी चांगली शिवण उसवून पुन्हा शिवत बसले. सोमवारी वायर लावली. का लावली ते विचारू नकोस.

मावशी


२४ जून

पत्र पोचलं का? पोस्टमन म्हणतो पोचलं असणार, न पोचायला काय झालं. म्हणजे तू मूग गिळून बसली आहेस. तू लहानपणी काही फोडलंस की अशीच गप्प बसायचीस.

बाई कालपासून जास्त वेळ थांबते असं वाटतं. किंवा मीच जास्त वेळ मशीन थांबवते.

मावशी


२९ जून

मावशी,

पोचलं होतं. लगेच लिहिता आलं नाही. दोनदा लिहून फाडलं. तू मशीनवर असशील तर मशीन राहू दे, बाजूला होऊन वाच.

बिघाड म्हटलं ते मी न बघताच म्हटलं होतं. परीक्षेची घाई होती. तुझं पत्र आल्यावर डब्याने टिपून ठेवलेलं सगळं इथूनच नीट बघितलं. डबा बिघडलेला नाही. त्याने हे स्वतःच्या मनाने काढलेलंही नाही. काका हे रोज हाताने करायचे, आणि तो त्यांच्याकडून शिकला.

काका बातम्या बघत असायचे. तुझं मशीन थांबलं की ते रिमोट घ्यायचे, बातम्या बंद करायचे, ती मालिका शोधायचे, तिचा पहिला भाग काढायचे, अगदी सुरुवातीला न्यायचे आणि तिथे थांबवून ठेवायचे. हे एका बटणाचं काम नाही. त्यांची बोटं कशी थरथरायची ते तुला मी सांगायला नको. पुष्कळदा चुकलेत. चुकून दुसरंच लागलं की घाईघाईने बंद करून पुन्हा पहिल्यापासून. मग ती बाई दारासमोर उभी, आणि काका गप्प. तुझं मशीन पुन्हा सुरू झालं की ते परत बातम्यांवर जायचे. पुन्हा थांबलं की पुन्हा तेच. ती मालिका त्यांनी कधी पुढे चालवलीच नाही. एकदाही नाही.

मला कळेना, एखादा माणूस एकच चित्र रोज का लावून ठेवील. मग डबा बसवला तो दिवस आठवला. तुला आठवतोय का? चालतो का ते बघायला मी पहिली हाताला आली ती मालिका लावली. काका खुर्चीत होते. तू दारात उभी, दाताखाली दोरा, गळ्यात टेप. त्या बाईकडे बघून म्हणालीस, "ही कुठे निघाली गं बॅग घेऊन?" मी म्हटलं, बस ना, बघ. तू म्हणालीस, "आत्ता नाही. मी मोकळी झाले की लावा. पण पहिल्यापासून लावा हां, मधूनच मला काही कळत नाही." आणि गेलीस.

काका काही झाकत नव्हते, मावशी.

आणखी एक सांगायचं आहे, ते मी टाळत होते. डबा भेट म्हणून दिला असं मी म्हटलं, ते पूर्ण खरं नव्हतं. तो कॉलेजचा आहे. वर्ष संपलं की सगळे डबे परत जमा करायचे आणि आतलं पुसायचं, म्हणजे पुढच्या मुलांना कोरे मिळतात. पंधरा जुलैला माणूस येईल. मी सरांना विचारलं, एक ठेवता येईल का. ते म्हणाले अर्ज कर, बघू. त्यांच्या "बघू"चा अर्थ मला माहीत आहे. तरी अर्ज केला आहे.

तू रागावशील. रागाव. पण लिही.

तुझी
ढापणी


६ जुलै

ढापणे,

तोंड होतं ना ह्यांना? हाक मारता येत नव्हती? "ये गं" म्हणायला किती धाप लागते? दोन अक्षरं. पण नाही. आयुष्यभर छापखान्यात काढलं, तिथे आवाजात बोलून उपयोग नसतो, हातानेच काय ते दाखवायचं. ती खोड घरी आणली. मला म्हणायचे, छापखान्यात मशीन मध्येच थांबलं की सगळे माना वर करतात, कुणाचं बोट गेलं का बघायला. मी थांबले की ह्यांनी मान वर केली असेल. पुढचं ते बटणांचं. आणि मी इकडे कात्री आपटतेय. वा. दोघंही एकापेक्षा एक.

मी तसं म्हणाले होते हे मला आठवत नाही. तू म्हणतेस तर म्हणाले असेन. माणूस दारात उभं राहून काय काय बोलतं. ते कुणी असं धरून बसतं का?

तू डब्याचं खोटं बोललीस त्याचा हिशेब नंतर. तुझ्या आईला सांगणार नाही. पण लक्षात ठेवणार.

काल मी आत गेले. हॉटेलच्या शेवटच्या पडद्यावर होते. शिवण अर्ध्यावर, सुई कापडात, आणि पाय उचलला. दोरा संपला नव्हता, बॉबिन भरलेली होती, काही कारण नव्हतं. बातम्या तुटल्या. मी उठले आणि आरशात न बघता सरळ दारातून गेले.

त्यांच्या खुर्चीशेजारी दुसरी एक खुर्ची आहे. टीव्हीकडे तोंड केलेली. मी इतके दिवस समजत होते ती औषधं ठेवायला आहे. औषधं तर खिडकीत असायची, मीच ठेवायचे. त्या खुर्चीवर बसले. धूळ होती. पदराने पुसली, मग बसले.

बाई समोर. आरशात दिसते तेवढी ऐटीत नाही ती. दमलेली आहे. बॅग जड आहे, एक खांदा खाली गेलाय. दार उघडायची वाट बघतेय. मीही बघत बसले. म्हटलं, आता मी आले ना, चालव. बराच वेळ बसले. बाहेर अंधार पडला. काही झालं नाही. डबा मला ऐकत होता हे मला कळत होतं, खुर्ची करकरली तर त्याचा तो हिरवा ठिपका लुकलुकायचा. पण तो काही करेना. मग माझ्या टाळक्यात आलं. मशीन थांबलं की बाई आणायची, एवढं हे त्याला शिकवून गेलेत. मशीन चालू झालं की बातम्या. पण मशीन थांबलं आणि मी खरंच येऊन बसले तर काय करायचं, ते शिकवलेलं नाही. कुठून शिकवतील? तसं कधी झालंच नाही. तोही बिचारा माझ्यासारखाच बसून राहिला.

रिमोट त्यांच्या खुर्चीवर आहे. उशीखाली. सुरू करायचं बटण कुठलं ते मला ठाऊक आहे, त्याच्यावरचं चित्र पार झिजलंय. अंगठा त्याच्यावर ठेवला होता. दाबलं नाही.

कारण तू पहिल्या पत्रात काय लिहिलंस ते मी विसरले नाही. कुणी नवीन शिकवलं की तो जुनं पुसतो. मी दाबलं तर ते माझं होणार. उद्या मशीन थांबलं की तो माझं ऐकणार, की ह्यांचं? बाई येऊन उभी राहील, की मी दाबलं म्हणून तिला आपला आपण आत पाठवील, मी यायच्या आधीच? तसं झालं तर माझ्यासाठी थांबणारं या घरात कुणी उरलं नाही. आणि नाही दाबलं तर पंधरा तारखेला तुमचा माणूस येऊन तिला दारातूनच घेऊन जाणार आणि पुसणार. ती कुठे निघाली होती ते मला कधी कळणार नाही. ह्यांनाही कळलं नाही. माझ्याशिवाय बघायचं नाही म्हणून बसून राहिले, खुळे.

शेवटी मी बाहेर आले आणि मशीन चालू केलं. बातम्या लागल्या. पडदा पूर्ण केला, बरा झालाय.

तर आता मला फिरवाफिरवी नको आणि "बघू" नको. तुझ्या सरांना माझ्या नावाने विचार, मावशी विचारतेय म्हणावं. दोन गोष्टी. डबा ठेवता येतो की नाही. आणि मी ते बटण दाबलं तर ह्यांचं त्यात काय उरतं. हो की नाही, एवढंच लिही, रेडिओपासून सुरुवात करू नकोस. पंधराला माणूस दारात यायच्या आधी मला बसून बघायला एक तरी संध्याकाळ पाहिजे. म्हणून शुक्रवारच्या टपालाने उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे. हॉटेलचं काम संपलंय, शिवायला घरात काही नाही. तरी शुक्रवारपर्यंत मी मशीन चालूच ठेवते आहे, बिनदोऱ्याचं.

मावशी